कासूच्या मातीवरची चाकं

भात कापून झालं की वडखळच्या पुढे बसमध्ये पेंढ्याचा वास शिरतो. काचा बंद असल्या तरी शिरतो. शेतात कापलेल्या रोपांचे बुडखे उरलेले असतात, त्यांच्या मधल्या ओलीत कोणी वाल पेरत असतं, बांधावर बगळे सुस्त उभे असतात. मी पेण-रोहा गाडीवर कंडक्टर आहे. पुष्कळ वर्षं झाली. या रस्त्यावरचा कुठला खड्डा कधी बुजवला आणि पुन्हा कधी पडला, ते माझ्या कमरेला ठाऊक आहे. पण या दिवसांत कासू जवळ आलं की कमरेचं दुखणं मागे पडतं आणि डोळे आपसूक खिडकीकडे जातात. तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे. कुंपणापलीकडचं बसमधून काही दिसत नाही. तरी बघते.

एका वर्षी, याच दिवसांत, त्या जागेवर मी माझ्या मुलीला हवेत पाहिलं होतं.

तन्वी तेव्हा पेणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कोणाकडून तरी तिने एक वापरलेली सायकल आणली होती. ठेंगणी, सीट इतकी खाली की बसून चालवताच येऊ नये, गिअर नाही, ब्रेक एकच. रामवाडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती सायकल दाराशी उभी केली की आत-बाहेर करताना प्रत्येकाचा पाय अडकायचा.

"ही कसली गो सायकल?" मी विचारलं होतं.

"डर्ट जंपची."

"म्हंजे?"

"मातीवर उड्या मारायची."

मी हसले होते. दिवसभर उभी राहून आलेल्या माणसाला असल्या गोष्टींचा अर्थ लावत बसायची ताकद नसते. मातीत खेळते म्हणाली, खेळू दे, एवढंच माझ्या डोक्यात गेलं. कपडे लाल होऊन यायचे, ते मी भिजत घालायचे.

त्या दिवशी रस्त्याचं काम चालू होतं आणि कासूच्या अलीकडे वाहनं तुंबली होती. आमची गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मी मागून तिकिटं देत पुढे येत होते. खिडकीला एक म्हातारी बसली होती, मांडीवर सुकटीची टोपली. ती एकदम ओरडली, "अगो बाय! ती बग कोन उडतंय!"

सगळी गाडी त्या बाजूला वाकली. रस्त्यापासून जरा आत एक बंद पडलेली वीटभट्टी होती. भट्टीसाठी आणलेली माती तशीच पडून राहिली होती, आणि कोणीतरी तिचे उंच ढिगारे रचून, थोपटून, एका बाजूने चढ आणि दुसऱ्या बाजूने उतार केला होता. एका ढिगाऱ्यावरून एक सायकल सुटली. खाली काहीच नाही. सायकल आणि तिच्यावरचं माणूस मधल्या रिकाम्या जागेवरून तरंगत गेलं आणि पलीकडच्या उतारावर उतरलं.

"पोर हाय गो ती, पोर!" म्हातारी म्हणाली. "वेणी बग."

वेणी मी सकाळीच घातली होती. माझ्या जुन्या ओढणीची पिवळी पट्टी तिने शेवटाला बांधून घेतली होती.

मी म्हातारीचं तिकीट दिलं, तिच्या शेजारणीचं दिलं. गाडी पुढे सरकली. नागोठण्याला बऱ्याच जणांना उतरायचं होतं, त्यांच्यासाठी घंटी मारली. भिसे खिंडीच्या वळणांवर मी एरवी दांड्याला धरून उभी असते, त्या दिवशी खाली बसले. भीती वाटली का? वाटलीच. पण भीतीच्या आधी दुसरं काहीतरी वाटलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजूनही सापडलेलं नाही. आमच्या घरात कोणी कधी जमिनीवरून पाय उचलले नव्हते. माझे सासरे जन्मभर मिठागरात वाकून राहिले. माझा नवरा सुधीर रोह्याच्या कंपनीत शिफ्टा करतो. मी बसमध्ये उभी. आणि ही वर.

तिला मी घरी गेल्यावर काही विचारलं नाही. विचारायचं उद्यावर ढकललं. दमलेल्या माणसाचे उद्या फार असतात.

त्याच आठवड्यात ती पडली.

उडी नीटच घेतली होती म्हणे. उतरताना पुढचं चाक मुडपलं. नुसतं वाकलं नाही, दुकानदार म्हणतात तसा चाकाचा आठ झाला. तन्वी हँडलवरून पुढे फेकली गेली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तिच्याबरोबरच्या मुलांनी तिला रिक्षात घालून पेणला आणलं. मी ड्युटीवरून थेट दवाखान्यात गेले तेव्हा ती हात गळ्यात बांधून बाकावर बसली होती. केसांत माती. चेहरा इतका लहान दिसत होता की मला बालवाडीतली तन्वी आठवली.

सुधीर पहिल्या शिफ्टचा आला होता, कंपनीच्या कपड्यांतच. तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "ती सायकल विकून टाक. आजच्या आज."

"आजच्या आज कोन घेनार?" मी म्हटलं.

"भंगारात घाल."

घरी आल्यावर, मी तिच्या केसांतली माती काढत असताना, तन्वी हळूच म्हणाली, "आई, हाड जुळलं की मी परत जानार. तुला न सांगता जायचं नाय म्हनून आत्ताच सांगते."

ओरडायला हवं होतं मी. बाहेर सुधीर बसला होता, त्यालाही ऐकू जावं असं ओरडायला हवं होतं. पण मला तिच्या आवाजात कुठे हट्ट ऐकू आला नाही. तिने नुसतं कळवलं होतं, कोणी आपल्या बदलीचं कळवावं तसं. ही जाणार, हे मला तेव्हाच कळलं. अडवलं तर चोरून जाईल, आणि चोरून जाणाऱ्या माणसाची सायकल कोण तपासणार? मी ती मोडकी सायकल दारातून आत घेतली. पुढचं चाक फिरेनाच. ते सोडवून गोणपाटात गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना बरोबर घेतलं.

रोह्याला नझीरचं दुकान होतं. नझीर माझ्या शाळेतला, एकाच वर्गातला. दहावीनंतर तो आखातात गेला. तिकडे आधी सामान उचललं, मग एका मोठ्या सायकलच्या दुकानात लागला आणि चाकं बांधण्यात त्याचा हात बसला. पाठ धरली म्हणून परत आला. मुलगे तिकडेच राहिले. रोह्यात त्याने दुकान काढलं, आणि दुकानापेक्षा त्याच्या गप्पाच जास्त चालायच्या. तिकडच्या शेखांच्या सायकली, तिकडचे वाळवंटातले रस्ते, तिकडचा चहा. मी गाडी लागल्यावर मधल्या वेळात त्याच्याकडे बसायची, पाय लांब करायला.

त्याने गोणपाट उघडलं, चाक हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"नंदे, ह्या चाकावर तुझी पोरगी उड्या मारत होती?"

"व्हय."

"हे शाळेत जायचं चाक हाय. दप्तर घेऊन. बग, रिम एकेरी पत्र्याची. स्पोक बारीक, त्यातले निम्मे सैल. कोनी कधी आऊट काढला नाय याचा." चाक डगमग न करता सरळ फिरावं म्हणून स्पोक आवळून-सैलावून ते समेवर आणण्याला आमच्याकडे आऊट काढणं म्हणतात. "चाक बदल, नायतर पोरगी बदल."

"पोरगी बदलत नाय," मी म्हटलं.

"मग बस. चा सांगतो."

त्या बैठकीपासून माझा तो हंगाम सुरू झाला. बाहेर थंडी पडायला लागली होती. पहाटेच्या गाडीला खाडीकडून धुकं यायचं, ड्रायव्हर काच पुसत पुसत चालवायचा. मी हिशेबाच्या आणि झोपेच्या मधल्या कुठल्यातरी जागेत उभी असायची, आणि डोक्यात रिमा फिरायच्या.

मला सगळ्यात जाड, सगळ्यात जड रिम हवी होती. लोखंडाची मिळाली तर लोखंडाची. नझीर माझ्यावर हसला. "जड चाक घातलंस तर ती सायकल उचलनार कशी? उचलता नाय आली तर उडी आखूड पडनार. आखूड पडली की ढिगाऱ्याच्या कडेवर आपटनार. तुझ्या जड चाकानेच तिला पाडशील." मजबूत म्हणजे जड नव्हे, हे त्याने मला बरेच दिवस समजावलं. चाक लहान ठेवायचं, सव्वीस इंचीच, लहान चाक वाकायला कठीण. रिम अॅल्युमिनियमची, पण आतून दुहेरी पत्र्याची, रुंद, म्हणजे जाड टायर तिच्यावर पसरून बसतो. एक्सल जाड. स्पोक बत्तीस पुरतील, पोरगी हलकी आहे, त्याहून जास्त कशाला. पण एकूण एक सारख्या ताणाचा. "एक जरी सैल राहिला ना," तो म्हणाला, "तर त्याचं काम शेजारच्यावर पडतं. मग तो थकतो. मग त्याच्या शेजारचा. चाक एका जागी मोडत नाय नंदे, आधी कुठेतरी कोनीतरी सैल पडलेलं असतं."

एका गोष्टीवर मात्र तो अडून बसला. स्पोकच्या टोकाला, रिमजवळ, ज्या बारीक टोप्यांनी स्पोक आवळतात, त्या पितळीच हव्यात. बाजारात रंगीत, हलक्या अॅल्युमिनियमच्या मिळत होत्या आणि तन्वीला त्यातल्या निळ्या आवडल्या होत्या. "खाडीच्या हवेत वर्षभरात चिकटून बसतील," नझीर म्हणाला. "आऊट काढायला जाशील तर फिरनारच नायत, तुटतील. तुमचं मीठ काय कमी हाय का तिकडे?" हे मला पटवून द्यायला लागलं नाही. मिठागराच्या घरात आलेल्या बाईला मीठ काय खातं ते माहीत असतं. आमच्या दाराच्या कड्या, खिडकीचे गज, सासऱ्यांची फावडी, सगळं मीठच खाऊन गेलं होतं.

सामान यायला वेळ लागला. ते आल्यावर नझीरने चाकं बांधायला घेतली आणि मला शेजारी बसवलं. आधी नुसतं बघ म्हणाला. मग अर्धं चाक त्याने ओवलं आणि अर्धं माझ्यापुढे सरकवलं. एक स्पोक दुसऱ्यांना ओलांडून जातो, शेवटच्याच्या खालून जातो, आणि पलीकडे रिमच्या भोकात शिरतो. माझी बोटं दिवसभर तिकिटाच्या मशीनवर आपटून सुजलेली असायची, पण या कामाला ती हळूच लागली. शाळेत मी क्रोशाचे रुमाल विणायची. हे तसलंच, फक्त धागा लोखंडाचा. पहिल्या वेळी मी चुकले आणि नझीरने ओवलेलं सगळं सोडवायला लावलं. वर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "ह्या बाई आमच्या वर्गात पहिल्या यायच्या हां." मागचं चाक मग मी एकटीने ओवलं.

चाकं घरी आली त्या दिवशी तन्वीचा हात गळ्यातून सुटून थोडेच दिवस झाले होते. ती चाकांकडे बघत राहिली, मग पितळी टोप्यांकडे बघून म्हणाली, "निळ्या नाय मिळाल्या?"

"नाय मिळाल्या."

"बऱ्या हायत ह्यापन," ती म्हणाली, आणि मग मला मिठी मारली. एका हाताने. दुसरा अजून नीट वर जात नव्हता.

सुधीर मात्र बोलेना. भांडणापेक्षा ते वाईट. माझ्यावर रागावला होता की घाबरला होता, कोण जाणे, पुरुषांचं दोन्ही एकसारखंच दिसतं. एका सकाळी तो रात्रपाळी करून आला तेव्हा मी दारापुढे सायकल उलटी उभी करून बसले होते. चाक हळू फिरवायचं, ब्रेकजवळ बोट धरायचं, रिम कुठे बोटाला घासते ते बघायचं. मग चिमटीत दोन-दोन स्पोक दाबायचे. सगळे सारखे कडक लागले पाहिजेत. एखादा मऊ लागला की चावीने जरासा आवळायचा, अगदी जरासा. नवीन चाक पहिल्या काही दिवसांत बसतं, स्पोक आपापल्या जागी दबतात, म्हणून तेव्हा दर खेपेनंतर बघायचं, असं नझीरने बजावलं होतं.

सुधीर डबा हातात धरून उभा राहिला. "तूपन सामील झालीस," तो म्हणाला.

"मी तिला थांबवू शकत नाय," मी म्हटलं. "तू थांबव. जमलं तर सायकल मीच भंगारात घालीन."

तो आत गेला. आंघोळीला पाणी काढल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, माझ्यापुढे उकिडवा बसला आणि सायकल हलू नये म्हणून नुसतं हँडल धरून ठेवलं. झोप त्याच्या डोळ्यांवर होती. आम्ही दोघं ते चाक पूर्ण फिरेपर्यंत तसेच बसलो होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या सकाळइतके आम्ही एकमेकांना क्वचितच सापडलो असू.

पुढचे दोन-तीन महिने मी कसे काढले ते आठवलं की अजूनही अंग जड होतं. सुट्टीच्या दिवशी माणूस झोपतं. मी तन्वीबरोबर कासूला जायची. ढिगाऱ्यांवर पाणी मारून, फावड्याने थोपटून मुलं ते नीट करायची, कोणी पेणचं, कोणी रोह्याचं, जोहे गावातली एक मूर्ती रंगवणारी मुलगी होती, तिच्या नखांत कायम रंग. मी बांधावर वर्तमानपत्र पसरून बसायची. दर उडीला डोळे मिटायची आणि उतरल्याचा आवाज आला की उघडायची. हळूहळू त्या आवाजावरून मला कळायला लागलं. नीट उतरली की टायरचा नुसता फस्स असा आवाज. कडेवर आपटली की ठण्ण. ठण्ण आलं की मी उठून जायची, चाक फिरवून बघायची, हवा दाबून बघायची. हवा कमी असेल तर रिमला खोक पडते, जास्त असेल तर सायकल चेंडूसारखी उसळते. मुलं मला काकी म्हणायची. पुढे पुढे आपापल्या सायकली माझ्यासमोर आणून उभ्या करायला लागली. "काकी, माझं बी बघा ना." मी बघायची. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

एका संध्याकाळी तिथे पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा शेताच्या मालकाने दिल्या होत्या. जागाही त्याचीच, आणि मुलांना त्याने कधी हटकलं नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, अंडी, पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. त्या दिवशी नझीरही रोह्याहून आला होता, पाठीला पट्टा बांधून. आग पेटलेली असतानाच, उजेड जायच्या आत एक शेवटची म्हणून, तन्वीने सगळ्यात मोठ्या दोन ढिगाऱ्यांमधली उडी घेतली. ती आधी कधी घेतली नव्हती. मला विचारलंही नव्हतं.

आखूड पडली. मागचं चाक पलीकडच्या ढिगाऱ्याच्या कडेवर आपटलं, इतक्या जोरात की आगीपाशी बसलेली सगळी उठली. मी या वेळी डोळे मिटले नव्हते. सायकल एका बाजूला झुकली, आता गेली असं वाटलं, आणि मग सरळ झाली. तन्वी उतारावरून खाली येत आमच्यापाशी थांबली.

नझीरने तिच्याकडे पाहिलंच नाही. वाकून मागचं चाक उचललं आणि फिरवलं. रिमच्या कडेला एक खोक पडली होती, अंगठ्याच्या नखाएवढी. पण चाक फिरत होतं. सरळ, न घासता. त्याने ते थांबवलं, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "तू ओवलेलं हाय हे."

मडकं उघडल्यावर शेंगांची वाफ आली. मी पोटभर खाल्लं. त्या हंगामात पोटभर खाल्ल्याचं मला तेवढंच आठवतं. तन्वी रामवाडीला उतरताना म्हणाली, "आई, मी घाबरली व्हती."

"मलाबी कळलं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आधी सांग."

"सांगीन."

आणि सांगायची ती, त्यानंतर. प्रत्येक मोठ्या उडीआधी हात वर करायची.

शिमग्याच्या आसपास, जमीन तापायला लागली असताना, एका साध्या दुपारी तिने सगळ्यात लहान ढिगाऱ्यावरून सायकल नेली. नुसतं अंग मोकळं करायला. हात वर करण्याइतकीही ती उडी नव्हती. पेडलवरून पाय घसरला, तो आधी जमिनीला लागला आणि गुडघा आतल्या बाजूला फिरला. मी बांधावर होते. आवाज काहीच आला नाही. ठण्ण नाही, काही नाही. ती खाली बसली आणि तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यावरूनच मला कळलं.

गुडघ्याच्या आतला दोर, लिगामेंट म्हणतात तो, तुटला होता. पनवेलला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. त्या आधी, स्ट्रेचरवर असताना, तिने माझा हात धरून विचारलं, "चाकाला काय झालं का?"

"नाय," मी म्हटलं. "चाकं सरळ हायत."

तिने मान हलवली, जणू तेवढं कळलं की पुरे. तिला आत नेलं. मी बाहेर येऊन नळाखाली हात धुतले. हाताला काही लागलं नव्हतं. तरी बराच वेळ धुतले. इतके दिवस मी एक-एक स्पोक चिमटीत दाबून बघत होते आणि माझं मुलीकडे लक्ष आहे असं समजत होते. लक्ष होतंही. पण माणसाला बत्तीस स्पोक नसतात, की सैल कुठला ते दाबून कळावं.

सुधीर आला. 'मी सांगत होतो' हे तो म्हणेल म्हणून मी तयार होते. तो म्हणाला नाही. माझ्या शेजारी बसला आणि बिस्किटाचा पुडा फोडून माझ्यापुढे धरला. दुसऱ्या दिवशी घरी कपडे आणायला गेले तर सायकल दारापुढे धुऊन, पुसून उभी होती. पितळी टोप्यांवर तेलाचा थेंब-थेंब सोडलेला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकला असणार.

नझीर भेटायला आला तेव्हा दाराशीच घुटमळला. मीच म्हटलं, "बस रे. तुझी काय चूक?"

"माझी नाय," तो म्हणाला, "चाकाचीपन नाय. चाकाला जेवढं कळतं तेवढं त्याने केलं." मग त्याचे डोळे भरून आले आणि तो चहा आणतो म्हणून निघून गेला.

त्याला आता काही वर्षं झाली. ते ढिगारे दोन पावसांतच वितळून सपाट झाले. मुलं पांगली, कोणी कंपनीत लागलं, कोणी आखातात गेलं. नझीर रोह्यातच आहे, पाठीमुळे आता फक्त बसून गप्पा मारतो. तन्वी पनवेलला एका लॅबमध्ये काम करते, शिफ्टमध्ये. चालते, जिने चढते, बस पकडायला धावतेही. उड्या मारत नाही. का, ते मी विचारलेलं नाही. एकदा आपण होऊनच म्हणाली, "मन होतं आई. मग नाय होत." यापुढे काय विचारायचं? आमच्या घरात आता दोघींचे गुडघे दुखतात, तिचा तो एक आणि माझे उभं राहून राहून दोन्ही. थंडीत आम्ही एकाच बाटलीतलं तेल चोळतो.

या दिवाळीत ती घरी आली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाली, चल कासूला जाऊन येऊ. पत्र्याच्या कुंपणाला एके ठिकाणी फट होती, तिथून आम्ही आत डोकावलो. खडी टाकून सगळं सपाट केलं होतं. कसलंतरी गोदाम होणार म्हणे. एका कोपऱ्यात भट्टीच्या जुन्या विटांचा ढीग तेवढा होता. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने बघितलं, आणि म्हणाली, "केवढीशी जागा व्हती गो. मला केवढी मोठी वाटायची." मग बांधावरून चालत आम्ही स्टेशनकडे निघालो. तिला त्या दिवशीच पनवेलला परतायचं होतं, संध्याकाळच्या शिफ्टला. दिवा-रोहा मार्गावरच्या गाड्या मोजक्याच, एक गेली की पुढच्या गाडीसाठी बसून राहायचं. मी तिला बसवून मग बसने घरी जाणार होते.

कासूच्या स्टेशनवर आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाकावर ऊन होतं, पण बोचणारं नाही. शेतांतून पेंढे रचण्याचा आवाज येत होता, कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. तन्वी लॅबमधलं काही सांगत होती, कोण कसं वागतं, कोणाची रजा कोण घेतं. मी हं, हं म्हणत होते. त्या सकाळी मी पहाटेची गाडी करून आले होते. आदल्या दिवशीही, त्याच्या आदल्या दिवशीही. सणाच्या गर्दीत सुट्टी मिळत नाही. तिचं बोलणं हळूहळू लांब जायला लागलं, आणि मग ऐकूच येईना.

जाग आली तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं. ऊन बाकावरून उतरून खाली गेलं होतं. तन्वी ताठ बसली होती, माझ्या बाजूचा हात न हलवता. तिने आपली ओढणी माझ्या पायांवर टाकली होती.

"गाडी?" मी दचकून विचारलं.

"गेली."

"अगो, मग उठवायचं नाय का? तुझी शिफ्ट?"

"फोन केला. आज दुसरी कोनतरी करील." तिने खांदा जरा सरळ केला. "घोरत व्हतीस. कशी उठवनार?"

मी उठून बसायला गेले. अंग उठेना. किती वर्षांचं साचलेलं त्या बाकावर उतरलं होतं, कोण जाणे. पलीकडच्या रुळांवर एक कुत्रा हुंगत चालला होता.

"आता पुढची कधी?"

"येल तेव्हा येल," तन्वी म्हणाली, आणि हाताने माझं डोकं पुन्हा आपल्या खांद्यावर दाबलं. "झोप तू. मी जागी हाय."